सोमवारी अकरा वाजता घरी कोण असेल?

निवृत्तीनंतर मी डोंबिवलीत शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांना गणित आणि मराठी शिकवते. कुणी एनआयओएस या मुक्त विद्यालयातून दहावी करत असतं, कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बोर्डाला बसणार असतं, तर कुणाचं अजून काहीच ठरलेलं नसतं. मुलांइतकाच वेळ मी त्यांच्या आईवडिलांशी बोलण्यात घालवते. ते ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठूनही येतात आणि वर्षातून दोन वेळा त्यांचे फोन वाढतात. एकदा जानेवारी-फेब्रुवारीत, पुढच्या वर्षीच्या फीचं पत्रक हातात आल्यावर, आणि एकदा एप्रिलअखेर निकाल लागल्यावर. प्रश्न ठरलेला असतो, "बाई, मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवावं का?"

या एका वाक्यात दोन निर्णय असतात आणि ते वेगळे करणं हेच माझं काम झालं आहे. शाळा का सोडायची, हा पहिला. घरी का शिकायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळजवळ प्रत्येकाकडे तयार असतं: फी, गृहपाठ, वर्गातली साठ डोकी, शिक्षकांचं बोलणं, दप्तर, स्पर्धा. दुसऱ्याचं उत्तर विचारलं की घरात शांतता पसरते. शाळा वाईट आहे म्हणून घर आपोआप चांगली शिकण्याची जागा होत नाही. त्यासाठी स्वतंत्र कारण लागतं आणि ते सापडेपर्यंत दाखला काढू नका, असं मी स्पष्ट सांगते.

मी हे होमस्कूलिंगच्या विरोधात सांगत नाही. त्याच्याशी माझी ओळखच एका वेगळ्या कामातून झाली. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. तेव्हा मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. आम्हा शिक्षकांना भाग वाटून दिले होते. सकाळभर मी स्टेशनच्या पुलाखाली, बांधकामांवर, नाल्याकाठच्या झोपड्यांत फिरले. मोखाडा-जव्हारकडून भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर येणारी कुटुंबं त्या दिवशी भेटणं शक्यच नव्हतं, कारण पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि माणसं गावी परतलेली असतात. दुपारी इमारतींची पाळी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात दहा वर्षांचा मुलगा पोटावर पडून नकाशांचं पुस्तक वाचत होता. त्याची आई म्हणाली, "हा शाळेत जात नाही. आम्ही घरीच शिकवतो." सकाळी भेटलेली मुलं आणि हा मुलगा एकाच यादीत कसा लिहायचा, हे मला कळेना. मी त्याला नाईल नदीबद्दल विचारलं. त्याने उगमापासून सांगायला सुरुवात केली आणि मध्येच मला विचारलं की आपली उल्हास नदी कुठून निघते, तुम्हाला माहीत आहे का. त्या घराकडे घरी शिकण्याचं कारण होतं, हे मला तिथेच दिसलं.

त्याच दिवशी सकाळी भेटलेल्या मुली मात्र मनातून जात नाहीत. लहान भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी शाळेचं नाव काढल्यावर माझ्या मागे चालत आली होती. म्हणून, शाळा म्हणजे कारखाना, शाळा म्हणजे तुरुंग, असं कुणी माझ्यासमोर सरसकट बोलू लागलं की मी थांबवते. आपल्या जिल्ह्यात शाळा मिळवण्यासाठी लोकांना झगडावं लागलं आहे. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांतल्या शाळा, काढल्या त्या भट्टीमजुरांच्या मुलांसाठी. त्याच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणात शाळा भरवली. डी.एड.ला असताना मी कोसबादला गेले होते. तिथे शिकलेली गोष्ट आज पालकांशी बोलताना उपयोगी पडते. मूल शाळेत का येत नाही, याचा नेमका शोध घेतला, तर शाळेचं रूप बदलता येतं. ती सोडावी लागतेच असं नाही.

हा शोध घेतला की बऱ्याचदा पहिला प्रश्नच विरघळतो. घोडबंदर रोडवरचं एक कुटुंब आलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आईवडिलांनी होमस्कूलिंगचे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते आणि साहित्याची यादीही तयार होती. मी मुलीशी एकटीशी बोलले. वर्गाबद्दल तिची तक्रार नव्हती. तिला बसची भीती होती. घोडबंदरच्या कोंडीत सकाळी तासाहून जास्त, परतीला त्याहून जास्त, आणि मधे बाथरूमला जायची सोय नाही. म्हणून ती सकाळी पाणीच पीत नसे. घराजवळच्या, कमी नावाजलेल्या शाळेत ती गेली आणि चालत जाऊ लागली. पोटदुखी थांबली. तिथे होमस्कूलिंग केलं असतं तरी पोटदुखी थांबलीच असती, आणि सगळ्यांनी त्याचं श्रेय घरच्या शिक्षणाला दिलं असतं. ती तिच्या नव्या मैत्रिणींना मात्र मुकली असती.

दुसरा प्रश्न मी वेगळ्या शब्दांत विचारते. सोमवारी सकाळी अकरा वाजता घरी कोण असेल आणि काय चाललेलं असेल? आपल्या भागात हा प्रश्न फार खरा आहे. सकाळी आठच्या आत लोकल पकडायची आणि रात्री आठनंतर परतायचं, असं ज्यांचं आयुष्य आहे, त्यांच्या घरात दिवसाचे बारा तास मोठं माणूस नसतं. मुलाला शिकवायला महागडी साधनं लागत नाहीत, पण जागं, मोकळं आणि चिडलेलं नसलेलं माणूस लागतं. ते माणूस कोण, याचं उत्तर जवळजवळ नेहमी आई असतं. नोकरी तीच सोडते. मी वडिलांना तिथेच विचारते की या निर्णयात तुमचे कुठले तास जाणार आहेत. "शनिवार-रविवार मी बघेन" एवढ्यावर हे चालत नाही. जिथे वडिलांनी कामाची वेळ बदलून घेतली, संध्याकाळचं विज्ञान आपल्याकडे घेतलं किंवा आजोबांनी रोजचं वाचन उचललं, तिथेच दुसऱ्या वर्षानंतरही आई उत्साहाने बोलताना मी पाहिली आहे. सगळा भार एकटीवर पडला की सहा महिन्यांत घरातला सूर बदलतो आणि मुलाला आईही उरत नाही, शिक्षिकाही उरत नाही.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण प्रत्येक पालक देतो. सातवीत असताना आई सुप्रिया जोशी यांनी तिला शाळेतून काढलं. पुढे ती संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं घेऊन आली आणि २०१६ मध्ये, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना, तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. हे सगळं खरं आहे. पण पालक तिची पदकं सांगतात, मी त्यांना बाकीचं सांगते. आईने आपली नोकरी सोडली होती. मुलगी वेगवेगळे विषय चाखत चाखत प्रोग्रामिंगपाशी थांबली आणि त्यात बुडाली. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नईच्या गणित संस्थेने मात्र तिची तयारी पाहून तिला एम.एस्सी.च्या पातळीवर शिकू दिलं. म्हणजे वेळ देणारं माणूस होतं, मुलीची स्वतःची ओढ होती आणि प्रमाणपत्राऐवजी कुवत पाहणारी एक संस्था भेटली. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. पदकाची आशा धरून शाळा सोडणाऱ्यांनी या तीन गोष्टी आपल्याकडे आहेत का, ते आधी पाहावं.

कायद्याची भीतीही अनेकांच्या मनात असते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याची सक्ती त्याने सरकारवर टाकली आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य असं कलम १० म्हणतं, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याचा उल्लेख कायद्यात नाही, ना परवानगी म्हणून, ना बंदी म्हणून. याच कायद्याचं कलम ४ पालकांनी पाठ करून ठेवावं. शाळेत न गेलेलं किंवा मधेच शाळा सुटलेलं मूल परत आलं, तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलेलं भरून काढायला मदत करायची, असं ते सांगतं. परतीची वाट आहे, हे कळलं की पालकांच्या बोलण्यातली धास्ती कमी होते आणि निर्णय जास्त शहाणपणाने होतो.

पुढच्या परीक्षांचं मी कागदावर मांडून दाखवते. राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म, त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला जपून ठेवायचा. दुसरी वाट एनआयओएसची. ही संस्था १९८९ मध्ये केंद्र सरकारने सुरू केली. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. किमान पाच विषय घ्यायचे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि पास झालेल्या विषयाचे गुण तसेच जमा राहतात. टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायची कामं, त्यांना २० टक्के गुण असतात. अनेक पालक ती शेवटच्या आठवड्यात मुलाकडून उतरवून घेतात. मी ती वर्षभर पसरून करायला लावते, कारण स्वतः शोधून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय तिथेच लागते. मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना वैद्यकीय प्रवेशापासून दूर ठेवणारा नियम दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवला. तरी प्रत्येक पुढच्या अभ्यासक्रमाची अट त्या त्या वर्षी तपासायची, ऐकीव माहितीवर विसंबायचं नाही, हे मी दरवेळी बजावते.

ही लवचीकता काय करू शकते, ते मी डोंबिवली पूर्वेच्या एका मुलाबरोबर पाहिलं. सहावीत होता. डोकं तल्लख, पण लिहिता येत नसे. अक्षरं ओळ सोडून धावायची, जोडाक्षरं उलटायची. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं होतं. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती नियमाने मिळत होत्या. पण रोजच्या वर्गात फळ्यावरचं उतरवून न झालेली वही वर धरून दाखवली जायची आणि तो घरी येऊन दार लावून बसायचा. आईने शाळेशी बोलून पाहिलं, दुसरी शाळा पाहिली. मग दाखला काढला. इथे शाळा सोडण्याचं कारण होतंच. घरी शिकण्याचं कारण त्याच्या मामाच्या दुकानात होतं.

मामाचं एमआयडीसीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा सकाळी तिथे जाऊ लागला. जळालेल्या मोटरची तार सोडवायची, वेढे मोजायचे, गेज मोजायचा, नवी कॉइल घालायची. वेढा चुकला तर मोटर तापते, त्यामुळे मोजणीची शिस्त त्याला कुणी शिकवावी लागली नाही. दुपारी तो माझ्याकडे यायचा. ओहमचा नियम आम्ही त्याच्या मोटरवरून केला, परीघ आणि व्यास स्टेटरवरून, टक्केवारी तांब्याच्या बिलावरून. तो तोंडी सांगायचा, मी लिहायची. नंतर तो संगणकावर टंकू लागला आणि कागदाची भीती गेली. दहावीला त्याने मराठी, गणित, विज्ञान, चित्रकला आणि डेटा एन्ट्री हे विषय घेतले. तीन विषय एप्रिलमध्ये, दोन ऑक्टोबरमध्ये. एका बैठकीत सहा पेपरांचा डोंगर त्याला कधीच चढता आला नसता. आज तो विद्युत शाखेची पदविका करतो आहे. शाळेने ही दोन परीक्षांची मुभा दिली असती आणि वही वर धरली नसती, तर त्याला घरी शिकवायची गरज नव्हती, हेही मला तितकंच खरं वाटतं.

कल्याण पश्चिमेच्या एका घरात उलटं झालं. मुलगी सुरेख गायची. आईवडिलांना वाटलं, शाळेचे सहा तास वाचले तर रियाज होईल. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी मुलगी खिडकीशी जास्त बसू लागली. आपल्या सोसायट्यांमध्ये सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकही मूल खाली नसतं. घरी शिकणाऱ्या मुलाचा तो वेळ पूर्ण एकट्याचा असतो. तिने मला सांगितलं, "मला गाणं आवडतं, पण मला गॅदरिंगमध्ये गायचंय." आईवडिलांना ते ऐकायला कठीण गेलं. पण त्यांनी ऐकलं. वयानुरूप प्रवेश घेऊन ती सातवीत बसली. गाणं संध्याकाळी चालू आहे.

त्या कुटुंबाशी बोलताना मला कल्याणच्याच आनंदीबाई जोशी आठवल्या. १८६५ मध्ये जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीला नवरा गोपाळरावांनी घरी शिकवलं आणि १८८६ मध्ये ती पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाली. मुलींना शाळेची वाटच नसलेल्या काळात घरातल्या शिकवणीने हे घडलं, याचा मला अभिमान वाटतो. पण त्याच शिकवणीत मारही होता, आणि तिने पुढे अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो लिहून ठेवला आहे. घरात शिकवणारा एकच असतो, त्याच्याविरुद्ध दाद मागायला दुसरं कुणी नसतं. शाळेत एक शिक्षक कठोर असला तर दुसऱ्या तासाला दुसरा येतो. म्हणून घरी शिकवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी सांगते की आईवडिलांखेरीज निदान दोन मोठी माणसं मुलाच्या आठवड्यात असू द्या, ज्यांच्यापाशी ते आईवडिलांची तक्रार करू शकेल. गाण्याचे गुरू, पोहण्याचे सर, वाइंडिंगवाला मामा, वाचनालयातल्या काकू, कुणीही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. येऊरचं जंगल आहे, ठाण्याची खाडी आहे, तिथले रोहित पक्षी आहेत. मुलाला माणसांत आणि बाहेर न्यायला आपल्याकडे जागा आहेत. पण न्यायला माणूस हवं, म्हणजे आपण पुन्हा सोमवारच्या अकरापाशी येतो.

कोविडच्या काळात मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या आणि घराघरांत पडद्यावर वर्ग भरले. त्यानंतर "आम्ही दोन वर्षं होमस्कूलिंग केलंच आहे" असं सांगणारे पालक भेटू लागले. ते होमस्कूलिंग नव्हतं. शाळेचं वेळापत्रक, शाळेची पुस्तकं, शाळेची हजेरी, फक्त भिंती घरच्या. पण त्या काळाने एक चांगलं केलं. आपलं मूल वाचताना कुठे अडखळतं, भागाकार करताना काय करतं, हे पहिल्यांदाच आईवडिलांनी शेजारी बसून पाहिलं. ज्यांना ते पाहायला आवडलं, त्यांच्यातले काही जण पुढे खरोखर घरी शिकवू लागले. ज्यांना ते सोसवलं नाही, त्यांनी शाळा उघडल्याचा आनंद मानला. त्यात कमीपणा काही नाही.

माझी एक मागणी आहे आणि ती मी जिथे बोलायची संधी मिळते तिथे करते. महापालिकेच्या शाळांमध्ये पटसंख्या घटते आहे, वर्गखोल्या रिकाम्या आहेत. घरी शिकणाऱ्या मुलांना तिथली प्रयोगशाळा, मैदान, वाचनालय आठवड्यातून दोन दिवस वापरू द्यावं. त्यांची नावं कुठेतरी सन्मानाने नोंदवावीत, म्हणजे ती शाळाबाह्य मुलांच्या यादीत हरवणार नाहीत आणि जी मुलं खरोखर वंचित आहेत, त्यांच्याकडचं लक्षही विचलित होणार नाही. अशाने शाळा आणि घर यांच्यातली भिंत थोडी बुटकी होईल. आज पालकाला या किंवा त्या बाजूला उडी मारावी लागते. मधे उभं राहायला जागा मिळाली, तर कितीतरी मुलांचा त्रास वाचेल.

तोवर मी घरी येणाऱ्यांना एवढंच करायला सांगते. एका कागदावर शाळा का सोडायची ते लिहा, दुसऱ्यावर घरी काय होणार ते लिहा: वार, तास, माणूस, जागा. दुसरा कागद भरत नसेल तर पहिल्या कागदावरच्या गोष्टी शाळेशी बोलून, नाहीतर शाळा बदलून सोडवा. दुसरा कागद भरला, तर तो मुलाला वाचून दाखवा आणि त्याला खोडायला पेन्सिल द्या. मग निर्णय घ्या, आणि तो एका वर्षापुरता घ्या. दर एप्रिलमध्ये मुलासमोर बसून पुन्हा विचारा की पुढचं वर्ष कसं काढायचं. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही दर एप्रिलला हाच प्रश्न विचारला पाहिजे. आपल्याला विचारलं जातं आणि आपण सांगितलेल्यावर काही होतं, हे ज्या मुलाला कळलं आहे, ते घरी शिकलं काय आणि शाळेत शिकलं काय, मला त्याची काळजी वाटत नाही.